घोडबंदर ते चिपळूण : कोकणातील अश्वांचे स्थलांतर आणि पावसाळ्याची बेगमी

मुंबईच्या उपनगरांतून अंधेरी, मालाड, बोरिवली अशा क्रमाने उत्तरेकडे जाणारा जो हमरस्ता आज स्वामी विवेकानंद मार्ग म्हणून ओळखला जातो, तो पूर्वी घोडबंदर रस्ता या नावाने प्रसिद्ध होता. वसईच्या खाडीकाठच्या घोडबंदर या ठाण्यावरून हे नाव पडले. पोर्तुगीज अमदानीत येथे अरबी घोडे उतरविले जात, म्हणून गावास हे नाव मिळाले, अशी परंपरा आहे. नावाची उपपत्ती सांगितली की आपले स्थलेतिहासकार बहुधा थांबतात. वस्तुतः खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो. कोरड्या मुलखात वाढलेले जनावर खाडीच्या चिखलात उतरले, त्यानंतर त्याची व्यवस्था काय होती? प्रस्तुत टिपणात या प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

कोकण हा घोड्यांचा देश नव्हे. चार महिने संततधार पाऊस, दमट हवा, वैरण म्हणून मुख्यतः भाताचा पेंढा. भीमथडीच्या तट्टासदेखील ही भूमी परकीच. तथापि समुद्रमार्गे येणाऱ्या घोड्यांचा देशात प्रवेश होई तो याच किनाऱ्यावर. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या राजासंबंधी असे लिहिले आहे की, त्याने चाच्यांशी करारच केला होता. लुटीतील इतर माल चाच्यांचा, घोडे मात्र राजाचे! आपल्या मुलखात घोडे निपजत नाहीत, ही यामागील अडचण होती. पुढे सोळाव्या शतकात गोव्यास हुर्मुझहून येणाऱ्या घोड्यांवरील जकात हे पोर्तुगीजांच्या उत्पन्नाचे मोठे साधन बनले.

आणलेले घोडे जगत किती? दक्षिणेकडील मअबर देशाविषयी पोलो म्हणतो की, तेथील राजे दरसाल हजारोंनी घोडे विकत घेतात आणि वर्षअखेर त्यांतील शंभरही शिल्लक राहत नाहीत. घोड्यांस मांस घालून शिजविलेला भात चारतात आणि नालबंद तर कोणी नाहीच. व्यापारीच नालबंदांस तेथे जाऊ देत नाहीत, असाही त्याचा आरोप आहे. तो ऐकीव वाटतो व अक्षरशः मानण्याचे कारण नाही. परंतु वस्साफ या इराणी इतिहासकाराचा वृत्तांत मूळ मुद्द्यास पुष्टी देतो. त्याच्या सांगण्याप्रमाणे, नवे घोडे चाळीस दिवस खुंटास जखडून ठेवीत, भाजलेले धान्य, लोणी व गाईचे तापविलेले दूध देऊन त्यांस पुष्ट करीत, आणि नंतर काही शिकवण न देता एकदम त्यांच्यावर स्वार होऊन त्यांस पिटाळीत. थोड्याच काळात ती जनावरे निकामी होत.

या वर्णनात अज्ञान आहे. हयगय मात्र नाही. दूधलोणी चारणारा धनी घोड्यावर खर्च करीतच होता. घोड्याच्या आतड्यातील सूक्ष्म जीव ठरावीक चाऱ्यास सरावलेले असतात. चारा बदलावयाचा तो आठपंधरा दिवसांत थोडाथोडा बदलावा लागतो, नाहीतर पोटशूळ उठतो. घोड्यास ओकारी होत नसल्याने पोटात गेलेले बाहेर पडण्याचा तो मार्गही बंद असतो. बुरसलेली वैरण आणि सदा ओली जमीन ही आणखी दोन संकटे. पहिलीने छाती बिघडते, दुसरीने खूर कुजतात.

या पार्श्वभूमीवर शिवाजी महाराजांचे मे १६७३ मधील पत्र पाहावे. ते चिपळूण परगण्यात मुक्कामास असलेल्या लष्करातील जुमलेदार, हवालदार व कारकून यांस उद्देशून आहे. रयतेस काडीचाही त्रास देऊ नये, या आज्ञेसाठी ते सर्वांस परिचित आहे. परंतु त्याचा विषय मुळात पागेच्या पावसाळी छावणीचा आहे, आणि ही गोष्ट पुरेशी ध्यानात घेतली गेलेली नाही. चिपळुणास कटकाचा तळ पडल्यामुळे दाभोळ सुभ्यातील पावसाळ्याची बेगमी खर्ची पडली होती. महाराजांनी अन्य ठिकाणांहून दाणा व गवत मिळवून दिले, आणि लगेच बजावले की, आहे तोवर मनमानी चारू लागाल तर ऐन पावसात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरू लागतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, आणि त्यांस तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. रयतेविषयीची ती प्रसिद्ध आज्ञा याच हिशेबातून निघते. तोबऱ्यातील दाणा संपला की त्याची झळ शेजारच्या झोपडीस पोहोचते, हे लिहिणाऱ्यास पुरते ठाऊक होते.

पत्राचा आगीसंबंधीचा भाग तर अधिकच बारकाईचा आहे. कोणी चूल पेटवील, कोणी तंबाखू ओढील, वारा सुटेल. रात्री दिवा जळत राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. गवताच्या गंजीस ठिणगी लागली की वैरण गेली, आणि वैरण गेली की पागा गेली; मग कितीही कुणब्यांच्या माना मारल्या तरी गवताची काडी मिळावयाची नाही. छत्रपतींच्या पत्रात उंदराचा उल्लेख यावा याचे काहींस कौतुक वाटते. आम्हांस त्यात पागेत प्रत्यक्ष वावरलेल्या माणसाची दृष्टी दिसते. वस्साफचे धनी घोडा आल्यावर त्याच्यासाठी काय करावे हे पाहत. येथे चार महिन्यांची वैरण पहिल्या दिवशीच मोजली जात आहे.

मुंबईच्या अर्वाचीन इतिहासातही घोड्यांची स्थलांतरे घडली आहेत. शर्यती भायखळ्याहून महालक्ष्मीस १८८३ साली गेल्या. विशेष म्हणजे आजही शर्यतींचा हंगाम मुंबईस हिवाळी आणि पुण्यास पावसाळी असतो. म्हणजे पावसाळ्यात घोड्याने घाट चढून देशावर जावे, हा जुना क्रम मोटारवाहनांच्या युगातही टिकून आहे. २०२३ साली हे मैदान मुलुंडच्या कचराभूमीवर हलविण्याची कल्पना निघाली व तीस स्थानिकांचा विरोध झाला. पुढे २०२४ मध्ये महालक्ष्मीच्या २११ एकरांपैकी १२० एकर उद्यानासाठी घ्यावयाचे आणि शर्यती उरलेल्या जागेत तेथेच ठेवावयाच्या, असे ठरले. व्हिक्टोरिया गाड्यांच्या घोड्यांचे प्रकरण याहून अवघड होते. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेच्या फेऱ्यांसाठी या गाड्या चालविणे बेकायदेशीर ठरविले. मात्र त्यासाठी एक वर्षाची मुदत दिली, आणि गाडीवाल्यांच्या कुटुंबांबरोबर घोड्यांच्याही पुनर्वसनाची योजना आखण्यास शासनास सांगितले.