धर्मावरून चिडवणं: मस्करी की रॅगिंग?

सेवाग्राम आश्रमात आजही सकाळ-संध्याकाळ सर्वधर्म प्रार्थना होते. पण त्याच वर्धा जिल्ह्यात काय किंवा इतरत्र, वर्गात कुणाचा टिळा, टोपी किंवा ‘जय भीम’ हा टिंगलीचा विषय झाला, की मोठी माणसं ‘पोरांची मस्करी’ म्हणून सोडून देतात. कायदा सोडत नाही. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ नुसार विद्यार्थ्याला भीती, लाज किंवा मानसिक त्रास होईल असं चिडवणं, शिवीगाळ, धमकी हे रॅगिंगच. वसतिगृह आणि शिकवणीही त्यात आली. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षकाने लेखी तक्रार दिली, की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. टाळली, तर त्यानेच गुन्ह्याला साथ दिली असं धरलं जातं. म्हणून तक्रार तोंडी नको. अर्ज द्या, प्रतीवर पोच घ्या. घरी बोलता येत नसेल तर चाइल्डलाइन आहे: १०९८.