बेंटले ब्लोअर : प्रतिकृती-संच

१९३० च्या साडेचार लिटर सुपरचार्जर बेंटले मोटारीची १:१२ प्रमाणातील प्रतिकृती जुळवण्याचा, एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचा संच. मूळ मोटार शर्यतपटू टिम बर्किन यांच्या आग्रहातून जन्मली. बेंटले कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटले यांना सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा ‘ब्लोअर’, मान्य नव्हता. तरीही १९३० च्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये बर्किन यांनी ती दुसऱ्या क्रमांकावर आणली.

संचातील भाग पॉलिस्टायरीनचे असतात. ते कटरने सोडवून, कडा घासून, आधी गोंदाशिवाय जुळवून पाहावेत. द्रावक गोंद प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवून सांधा एकजीव करतो. त्यामुळे जोडाच्या जागचा रंग व चकाकीचा मुलामा खरवडावाच लागतो. खरी कसोटी चासीची. ती किंचित पिळली, तरी चारही चाके एकाच वेळी टेकत नाहीत. म्हणून गोंद वाळेपर्यंत ती सपाट काचेवर दाबून ठेवणे उत्तम. सुपरचार्जर रेडिएटरच्या पुढे उघडाच असल्याने प्रतिकृतीचे सारे देखणेपण तिथे एकवटते. रंगकामातील सर्वाधिक वेळ त्यालाच द्यावा. हिरवा रंग पातळ थरांतच चढवावा, जाड थराने बारीक रिव्हेट बुजतात.