यंत्र मुरते की कान? लाखेपासून चिपपर्यंत : ध्वनियंत्रांच्या टंचाईचा इतिहास

१/ २०२१ साली जगभरातील अनेक संगीतरसिक एका विचित्र प्रतीक्षेत होते. पैसे भरलेले, पावती हाती; परंतु उंची ध्वनियंत्र काही घरी येत नव्हते. विक्रेते पुढची तारीख देत आणि तीही टळत असे. लाकडी पेटी, रोहित्र, बटणे सारे तयार होते. अडले होते ते नखाएवढ्या एका चिपपाशी. ही प्रतीक्षा नवी नव्हती. तिचा इतिहास या थ्रेडमध्ये पाहू.

२/ जपानच्या क्युशू बेटावर नोबेओका नावाचे शहर आहे. २० ऑक्टोबर २०२० रोजी तेथील असाही कासेई मायक्रोडिव्हाइसेस, म्हणजे ‘एकेएम’, या कंपनीच्या कारखान्याला आग लागली. ती तीन दिवसांहून अधिक काळ धुमसत राहिली. येथे ‘डॅक’ चिपा तयार होत. साठवलेल्या अंकांचे पुन्हा विद्युत्‌लहरींत रूपांतर करणे हे त्यांचे काम. उंची ध्वनियंत्रे बनवणाऱ्या कितीतरी कंपन्या याच चिपांवर विसंबून होत्या.

३/ एकेएमने रेनेसास या दुसऱ्या जपानी कंपनीकडे मदत मागितली. दैवदुर्विलास असा, की १९ मार्च २०२१ रोजी रेनेसासच्या नाका येथील कारखान्यालाही आग लागली. तोवर महासाथीमुळे चिपांची जागतिक टंचाई सुरू झालीच होती. अनेक उत्पादकांनी आपल्या यंत्रांचे आराखडेच बदलले आणि कॅलिफोर्नियातील ‘ईएसएस’ कंपनीच्या चिपा वापरल्या. चिप बदलणे म्हणजे दिव्याचा बल्ब बदलणे नव्हे. तिच्याभोवतीचे सारे मंडल नव्याने मांडावे लागते. प्रतीक्षा लांबली ती म्हणून.

४/ आता काळ मागे नेऊ. ध्वनीच्या इतिहासातील एका मोठ्या टंचाईचे मूळ आपल्याच देशातील झाडांवर होते. एमिल बर्लिनरने १८८७ साली सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचे पेटंट घेतले. आरंभीच्या तबकड्या कठीण रबराच्या होत्या. १८९० च्या दशकात त्यांची जागा शेलॅकने, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेने, घेतली. पुढची सुमारे पन्नास वर्षे जगाचे संगीत लाखेत कोरले गेले.

५/ लाख हा एका सूक्ष्म कीटकाचा स्राव. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर हे कीटक वसतात आणि स्वतःभोवती राळेचे कवच तयार करतात. फांद्या तोडायच्या, कवच खरवडायचे, धुऊन वितळवायचे आणि पातळ पापुद्रे काढायचे. छोटा नागपूरच्या पठारावरील आदिवासी कुटुंबांचा हा पिढीजात उद्योग. १९२० च्या दशकात रांचीजवळ नामकुम येथे लाखेच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्थाही उभी राहिली.

६/ तबकडीत सगळीच लाख नसे. दगडाची बारीक भुकटी, कापसाचे तंतू, काजळी असे बरेच काही तीत मिसळलेले असे. परंतु हे सारे घट्ट बांधून ठेवण्याचे काम लाखेचे होते. न्यूयॉर्कचा जॅझ असो वा बालगंधर्वांचे नाट्यपद, दोन्हींना धरून ठेवणारी राळ एकच होती. ‘लाक्षा’ हा संस्कृत शब्द लाक्षागृहाच्या कथेमुळे आपल्याला परिचित आहे. इंग्रजीतील ‘लॅक’ आणि ‘लॅकर’ हे शब्दही त्याच मुळाशी जातात.

७/ मग दुसरे महायुद्ध आले. भारतातून अमेरिकेला जाणारा समुद्रमार्ग धोक्यात आला आणि लष्करालाही लाख हवी होती. एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठी लागणाऱ्या लाखेच्या वापरात ७० टक्के कपात केली. त्याच महिन्यात नागरिकांसाठी रेडिओ व फोनोग्राफ बनवणेही थांबवण्यात आले. ते कारखाने आता युद्धसामग्री बनवणार होते. नवे यंत्र हवे असणाऱ्याला युद्ध संपण्याचीच वाट पाहणे भाग होते.

८/ या कथेतील सर्वांत वेदनादायक भाग पुढे आहे. नवी तबकडी हवी असेल तर जुनी आणून द्या, असे ग्राहकांना सांगितले जाऊ लागले. जुन्या तबकड्या दळून त्यांचा भुगा नव्या मिश्रणात घातला जाई. म्हणजे नवे गाणे जन्माला येताना एखादे जुने गाणे शब्दशः चिरडले जात होते. त्या भुग्यात काय काय गेले, याची यादी कोणी ठेवली नाही. टंचाईने केवळ खरेदी लांबवली नाही, तिने स्मृतीही गिळली.

९/ टंचाईतूनच नवी वाटही फुटली. १९४३ पासून अमेरिकी सैनिकांसाठी ‘व्ही-डिस्क’ नावाच्या तबकड्या निघू लागल्या. लाख मिळेना आणि लाखेची तबकडी प्रवासात फुटे, म्हणून त्यांच्यासाठी विनाइलसारखे कृत्रिम पदार्थ वापरले गेले. जून १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने विनाइलची दीर्घवादन तबकडी, म्हणजे ‘एलपी’, बाजारात आणली. लाखेचे युग मावळू लागले. छोटा नागपूरच्या लाख-उत्पादकांचे एक मोठे गिऱ्हाईक कायमचे गेले.

१०/ तरी ‘लॅकर’ हे नाव उरलेच. विनाइल तबकडीची पहिली प्रत आजही बहुधा ॲल्युमिनियमच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन त्यावर कोरतात. या लेपात लाख नसते, परंतु ज्वलनशीलता लाक्षागृहाला शोभेल अशी असते. २०२० च्या आरंभी अशा चकत्या पुरवणारे जगात मुख्यतः दोनच कारखाने होते. त्यांपैकी कॅलिफोर्नियातील ‘अपोलो मास्टर्स’ ६ फेब्रुवारी २०२० रोजी जळून गेला. उरला तो जपानमधील एक. नोबेओकाची आग लागली ती त्याच वर्षी.

११/ व्हॉल्व्हची कथाही अशीच. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि व्हॉल्व्हचे कारखाने एकेक करून बंद पडत गेले. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा १९३८ चा ‘३००बी’ व्हॉल्व्ह रसिकांच्या गळ्यातला ताईत. त्याचेही उत्पादन १९८८ साली थांबले. पुढे रशियातील सारातोव्ह, स्लोव्हाकियातील चादत्सा आणि चीन येथील मोजक्या कारखान्यांवर जगभरचे व्हॉल्व्ह-यंत्रांचे वेड तगून राहिले. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यातीवर निर्बंध घातले तेव्हा गिटारवादकांपासून ध्वनिरसिकांपर्यंत सर्वांचे धाबे दणाणले.

१२/ आता प्रतीक्षेचा दुसरा अंक. यंत्र अखेर घरी येते आणि विक्रेता सांगतो, ‘शंभर तास वाजू द्या, मगच खरा आवाज खुलेल.’ यालाच ‘बर्न-इन’ म्हणतात. आपल्याकडे यासाठी अधिक सुंदर शब्द आहे : मुरणे. लोणचे मुरते, तसे यंत्र मुरते काय?

१३/ अभियांत्रिकीत ‘बर्न-इन’चा अर्थ वेगळा आहे. विद्युत्-यंत्रांतील कच्चे भाग बहुधा पहिल्या काही तासांतच दगा देतात. म्हणून यंत्र पाठवण्यापूर्वी ते कारखान्यातच चालवून पाहायचे. सुमारे १८,००० व्हॉल्व्ह असलेल्या ‘एनिॲक’ संगणकाने १९४० च्या दशकात व्हॉल्व्हच्या भरवशाचा प्रश्न ऐरणीवर आणला. १९५७ साली अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘अग्री’ समितीच्या अहवालाने विश्वसनीयतेच्या चाचण्यांना शिस्त आणली. येथे हेतू कच्चा भाग हुडकण्याचा होता. आवाज मधुर करण्याचा नव्हता.

१४/ मग रसिकांचे म्हणणे निव्वळ भ्रम समजायचे काय? तसेही नाही. स्पीकरचा कोन ज्या लवचीक कडेवर व पट्टीवर तोललेला असतो, ती वापराने थोडी सैल होते. त्यामुळे स्पीकरची अनुनाद-वारंवारता किंचित उतरते आणि हा फरक मोजता येतो. बराच काळ पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधील ऑक्साइडचा थर विद्युत्‌दाब मिळाल्यावर पुन्हा सुधारतो. व्हॉल्व्ह तर कारखान्यातच काही काळ तापवून स्थिर केले जातात. मात्र डॅक चिप किंवा तार शेकडो तासांनी ‘खुलते’ याला ठोस पुरावा नाही.

१५/ उरतो तो आपला कान. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्त्स यांनी १९६८ साली दाखवून दिले, की एखादी गोष्ट केवळ वारंवार समोर आल्यानेही आवडू लागते. त्यात आठ महिने वाट पाहून, पदरची मोठी रक्कम मोजून आणलेले यंत्र! पहिल्या दिवशी परका वाटणारा आवाज महिन्याभरात आपला होतो. यंत्र थोडे मुरते, पण त्याहून कितीतरी अधिक मुरतो तो ऐकणारा. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. कान घडवणे हाही संगीताचा संस्कारच.

१६/ तात्पर्य काय? ध्वनियंत्र जितके उंची, तितकी त्याची मुळे मोजक्या हातांत. एक पठार, एक कारखाना, एक समुद्रमार्ग. त्यांतील एक जरी तुटले तरी जगभरच्या दिवाणखान्यांत शांतता पसरते. हे हात आपल्याला एरवी दिसत नाहीत. टंचाई आली की तेवढ्यापुरते दिसतात.

१७/ जाता जाता एक विनंती. आजोळी माळ्यावर जड, ठिसूळ, ७८ फेऱ्यांच्या तबकड्या असतील तर त्या भंगारात देऊ नका. त्या बहुधा लाखेच्या आहेत. स्पिरिटने पुसू नका, मद्यार्कात लाख विरघळते. एकावर एक न रचता उभ्या ठेवा आणि लेबलाचे छायाचित्र काढा. युद्धाच्या भुग्यातून वाचलेले एखादे गाणे कदाचित तुमच्याच घरी असेल. असेल तर खाली जरूर कळवा.