वाकड्या पायांचा राइट विंगर

पेले माहीत नाही असा माणूस सापडणं कठीण. पण १९६२ चा वर्ल्ड कप ब्राझीलला जिंकून दिला तो मुख्यतः गॅरिंचाने. पेले दुसऱ्याच मॅचमध्ये जखमी होऊन बाहेर बसला होता!

गॅरिंचा म्हणजे एक छोटा पक्षी. खरं नाव मानुएल फ्रान्सिस्को दोस सान्तोस. १९३३ मध्ये रिओजवळच्या पाउ ग्रांदे या गावी जन्म. तिथल्याच कापड गिरणीत तो कोवळ्या वयात कामाला लागला. दोन्ही पाय एकाच बाजूला वाकलेले, त्यात एक थोडा आखूड. १९५३ मध्ये तो बोटाफोगो क्लबात आला. ट्रायलच्या वेळी समोर होता ब्राझीलचा लेफ्ट बॅक निल्टन सान्तोस. त्याला या पोराने असं काही चकवलं की निल्टननेच क्लबला सांगितलं, याला घ्या, असं म्हणतात.

ट्रिक म्हणाल तर एकच. डावीकडे जातोय असं दाखवायचं आणि उजवीकडून सुटायचं. समोरच्याला हे माहीत असायचं, तरी तो फसायचाच!

१९५८ च्या वर्ल्ड कपमध्ये पहिल्या दोन मॅचेसना त्याला बसवलं होतं. संघाच्या मानसशास्त्रज्ञाच्या चाचण्यांत तो नापास झाला होता म्हणे. तिसऱ्या मॅचला, सोव्हिएत संघाविरुद्ध, तो आणि पेले दोघंही उतरले. त्यानंतर हे दोघं एकत्र खेळले असताना ब्राझील कधीच हरलं नाही. १९६२ ला क्वार्टर फायनलमध्ये इंग्लंडविरुद्ध २ गोल, सेमी फायनलमध्ये यजमान चिलीविरुद्ध २ गोल. सेमीत त्याला मैदानाबाहेर काढलं, तरी फायनल खेळू दिली. कप ब्राझीलकडेच राहिला.

इथून मात्र उतार सुरू होतो. गुडघा कुरकुरत होता, पण क्लबचे परदेश दौरे त्याच्या नावावर चालत. मग इंजेक्शन घ्या आणि खेळा. आणि हा गडी करारावर आकडा न वाचताच सही करायचा म्हणे! १९६४ मध्ये ऑपरेशन झालं, पण जुना वेग परत आला नाही. १९६६ मध्ये क्लबने त्याला कोरिंथियन्सला विकून टाकलं. त्याच वर्षीच्या वर्ल्ड कपमध्ये ब्राझील हंगेरीकडून ३-१ हरलं. देशासाठी ती त्याची शेवटची मॅच, आणि ब्राझीलच्या जर्सीत त्याने पाहिलेला एकमेव पराभव.

दारू तर तरुणपणापासूनच होती. १९६९ मध्ये तो गाडी चालवत असताना अपघात झाला. त्यात त्याची जोडीदार, गायिका एल्झा सोआरेस हिची आई गेली. तो त्यातून सावरलाच नाही. १९७३ मध्ये माराकानावर निरोपाच्या मॅचला सव्वा लाखाहून जास्त लोक आले. २० जानेवारी १९८३ ला तो गेला, वय फक्त ४९.

सगळं खापर दारूवर फोडणं सोपं आहे, आणि दारूने त्याला मारलं हे खरंच आहे. पण मला तो गुडघा विसरता येत नाही. दुखणं लपवून मॅच खेळवली की त्या दिवशीचं तिकीट खपतं, त्याची किंमत मात्र खेळाडू पुढची वीस वर्षं एकटा फेडत बसतो. आज ब्रासिलियाच्या मोठ्या स्टेडियमला गॅरिंचाचं नाव आहे. त्याच्या हयातीत कुणीतरी एकदा त्याचा करार नीट वाचून दाखवला असता तर?

असो. यूट्यूबवर १९६२ ची इंग्लंडची मॅच शोधून जरूर बघा.