रिकाम्या यंत्राचं भाडं

गोवंडी स्टेशनजवळच्या एका दवाखान्याच्या टोकनची एपीआय मी सांभाळतो. पेशंटने मोबाइलवर आपला नंबर टाकला की आत कितवा नंबर चालू आहे ते दिसतं, एवढंच तिचं काम. ती लॅम्डावर आहे. विनंती आली की ॲमेझॉनचं कुठलं तरी यंत्र तेवढ्यापुरता माझा प्रोग्रॅम चालवतं आणि मिलीसेकंदांच्या हिशेबाने बिल लावतं. हाताखालच्या पोरांना हे अगदी आजचं वाटतं. मी त्यांना सांगतो, वेळ मोजून यंत्र वापरायची पद्धत याच शहरात साठ वर्षांपूर्वी होती. मधली काही दशकं आपण ती सोडली होती.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० साली स्वतः बांधलेला संगणक सुरू केला. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. १९६२ मध्ये नेहरूंनी त्याचं नाव टिफरॅक ठेवलं. १९६४ मध्ये तिथे सीडीसी ३६०० हे अमेरिकन यंत्र आलं. इतकं महाग यंत्र एकट्या संस्थेपुरतं ठेवणं परवडण्यासारखं नव्हतंच. बाहेरच्या संस्थांची कामंही त्यावर चालत. कार्डांना भोकं पाडायची, गठ्ठा द्यायचा आणि छापील कागद हातात येईपर्यंत थांबायचं. यंत्राचा एक क्षणही फुकट जाऊ नये म्हणून माणसांनी रांग लावायची, असा तो काळ.

ही रांग मोडायला सुरुवात झाली ती आमच्या शेजारी. मानखुर्दच्या पलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६९ साली टीडीसी-१२ हा छोटा संगणक तयार झाला. टीडीसी म्हणजे ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर. पुढे हैदराबादच्या ईसीआयएलने असे संगणक बनवून विकले. प्रयोगशाळेचा स्वतःचा संगणक, हवा तेव्हा वापरा. पुढे यंत्रं स्वस्त होत गेली, तशी ही चैन दुकानादवाखान्यापर्यंत उतरली.

आमच्या दवाखान्यातही काउंटरखाली लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणलेलं मशीन होतं. सोबत यूपीएस, आणि धूळ झटकायचं काम कंपाउंडरकडे. पेशंट सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी सहा ते दहा. उरलेले सतरा तास मशीन नुसतं वीज खायचं. नंतर भाड्याचा सर्व्हर घेतला तो अमेरिकेत, व्हर्जिनियात. गोवंडीतल्या माणसाचा टोकन नंबर तिथे जाऊन परत यायला जवळपास २०० मिलीसेकंद लागत, आणि भाडं मात्र दिवसरात्र सारखंच. रिकामेपणाचे पैसे भरणं आमच्या अंगवळणी पडलं होतं.

एप्रिल २००८ मध्ये गूगलचं ॲप इंजिन आलं आणि नुसता प्रोग्रॅम चढवून मशीन विसरून जाता येऊ लागलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये ॲमेझॉनने लॅम्डा जाहीर केली, जुलै २०१५ मध्ये तिच्यापुढे दार म्हणून एपीआय गेटवे उभा केला. जून २०१६ मध्ये त्यांचं केंद्र मुंबईत सुरू झालं, आणि काही काळाने लॅम्डाही इथे आली. सुरुवातीला काम दहा मिलीसेकंदांचं असलं तरी बिल शंभरचं लागे. डिसेंबर २०२० पासून एकेक मिलीसेकंद मोजला जातो. महिन्याला पहिल्या दहा लाख विनंत्या फुकट. दवाखान्याच्या दिवसाला दोन-तीन हजार विनंत्या त्यात सहज बसतात. गेटवे आणि डेटाबेसचे थोडे पैसे तेवढे होतात.

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. दवाखान्याचा राउटर बंद पडला, पण कंपाउंडर आपल्या मोबाइलवरून नंबर पुढे सरकवत राहिला आणि बाहेरच्यांना तो दिसत राहिला. काउंटरखालचं जुनं मशीन असतं तर यूपीएस संपताच सगळं थांबलं असतं.

म्हणून सगळंच सुधारलं असं मात्र नाही. सकाळच्या पहिल्या पेशंटला उत्तर जरा उशिरा मिळतं, कारण रात्रभर झोपलेला प्रोग्रॅम आधी जागा करावा लागतो. गेटवे २९ सेकंदांपलीकडे उत्तराची वाट पाहत नसे. २०२४ मध्ये ही मर्यादा काही प्रकारांत सैल झाली, तीही कंपनीच्या मर्जीने. कुलाब्यात नियम करणारी माणसं त्याच इमारतीत बसत. माझे नियम करणारी माणसं मला कधी भेटणार नाहीत, आणि माझा प्रोग्रॅम नेमका कुठल्या इमारतीत चालतो हेही मला कळायचं नाही. रिकाम्या यंत्राचा खर्च आमच्या डोक्यावरून उतरला, त्याबरोबर यंत्रावरचा शब्दही गेला.

हा सौदा मला मान्य आहे, पण एका अटीवर. दवाखान्याच्या नोंदी रोज रात्री दवाखान्यातल्याच डिस्कवर उतरतात. डॉक्टर विचारतात, क्लाउड असताना हे कशाला? मी म्हणतो, डॉक्टर, उद्या त्यांनी दर बदलला तर प्रोग्रॅम मी आठवड्यात दुसरीकडे हलवीन. पेशंटची वही मात्र मागायला कुणाच्या दारात जायला नको.