वीजमीटर : हिशेबनीस आणि साक्षीदार

तारनाक्याच्या चौकाजवळ उस्मानिया विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आहे, तर हबसीगुड्याच्या बाजूस राष्ट्रीय प्रयोगशाळांच्या इमारती. 1939 साली उद्घाटन झालेल्या विद्यापीठाच्या कला महाविद्यालयात ग्रॅनाइटच्या भिंती आणि उंच छते उन्हाळ्याशी झुंजत आली. पुढे उभ्या राहिलेल्या काचेच्या कचेऱ्यांनी ते काम यंत्रांवर सोपविले. त्याची किंमत किती, हे मीटरला विचारावे लागले.

मीटर जन्मला तो केवळ हिशेबनीस म्हणून. एडिसनच्या मीटरात जस्ताच्या पट्ट्या द्रावणात बुडविलेल्या असत. कंपनीचा माणूस येऊन त्या नेई, तराजूत तोली आणि वजनातील फरकावरून बिल करी. ग्राहकाला त्यातले काही उमगणे शक्यच नव्हते! 1889 साली हंगेरीच्या ओत्तो ब्लाथी यांनी फिरत्या चकतीचा मीटर सिद्ध केला, तेव्हा आकडे सर्वांच्या डोळ्यांसमोर आले. हैदराबादेत निजामी राजवटीत हुसेनसागराच्या काठी 1920 साली औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले. ते 1995 मध्ये पाडण्यात आले.

परंतु महिन्याचा एकच आकडा म्हणजे वाण्याच्या वहीतील नुसती बेरीज. तूर किती, तेल किती, हे त्यातून कळत नाही. विश्लेषणाचा खरा आरंभ होतो तो दर पंधरा मिनिटांची नोंद आणि वातानुकूलन, दिवे, पंप यांना निरनिराळे मीटर लागल्यावर. समजा, एखाद्या कचेरीचा भार दुपारी 200 किलोवॅट आहे आणि मध्यरात्रीही 60. म्हणजे रिकाम्या इमारतीत दहा तासांत 600 युनिटे जळतात. कोठे जळतात? रखवालदाराला ते ठाऊक नसते, मालकालाही नसते; रात्रीच्या आलेखाला मात्र ठाऊक असते. बहुधा असे निघते की कोणीतरी थंड पाण्याचा पंप चालू ठेवून घरी गेलेला असतो.

भारतात ऊर्जा संवर्धन कायदा 2001 साली झाला आणि 2002 साली ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला. हैदराबादेतच वास्तुविशारद करण ग्रोव्हर यांनी आखलेले सोहराबजी गोदरेज हरित व्यवसाय केंद्र 2004 साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते खुले झाले. तेथे वाऱ्याचे मनोरे बाहेरची हवा थोडी निववून आत घेतात, आणि छतावर हिरवळ आहे. अमेरिकेबाहेर लीडचे प्लॅटिनम मानांकन मिळविणारी ती पहिली इमारत.

आराखड्यावरचा गौरव आणि वर्षअखेरीचा वापर यांत अंतर पडू शकते, हे जाणूनच ब्यूरोने 2009 मध्ये कार्यालयांसाठी तारांकन योजना आणली. तिच्यात वर्षभराची मोजलेली युनिटे क्षेत्रफळाने भागतात आणि त्या भागाकारावर तारे ठरतात. अर्ज करणाऱ्याला नकाशे सोडून आधी बिलांची चळत काढावी लागते.