घोडनदीचं बिऱ्हाड आणि पावतीपुस्तक

रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने एक योगायोग सांगावासा वाटतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला ३१ मार्च २००० रोजी. म्हणजे आपली सोसायटी आणि हा कायदा जवळपास एकाच वयाचे!

आपल्यातली बरीच कुटुंबं शिरूर-दौंडच्या भाड्याच्या घरांतून इथे आली. आमचं बिऱ्हाड शिरूरला, म्हणजे जुन्या माणसांच्या घोडनदीला, एका माती-दगडाच्या वाड्यात होतं. मी शाळेत असताना एका आषाढात आढं मोडलं आणि मागची भिंत बसली. मालक म्हणाले, "तुमची सोय तुम्ही बघा." वडिलांनी आठ दिवसांत किल्ली परत दिली. भाड्याचं पावतीपुस्तक तेवढं ट्रंकेत राहिलं.

१९४७ च्या मुंबईच्या भाडे कायद्यातही दुरुस्तीची जबाबदारी मालकाचीच होती. हे त्यांना सांगणारं कुणी भेटलं नाही.

आजच्या कायद्याचं कलम १४ तेच सांगतं. किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची, एकट्याने किंवा सगळ्या भाडेकरूंनी मिळून. तरीही मालक हलला नाही, तर आपण दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करायचा; मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. आणि घरच पडलं तर? २०१४ मध्ये शहा रतनसी खिमजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. हे वाचलं तेव्हा वडिलांनी दिलेली ती किल्ली आठवली.

एकट्या भाडेकरूचं कुणी ऐकत नाही, दहा जणांचं ऐकावं लागतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हा पुण्यात उघड्यावर आलेल्या बिऱ्हाडांसाठी पूरग्रस्तांच्या गृहरचना संस्था निघाल्या. आपणही तसेच एकत्र आलो. आज गच्ची गळाली तर सभेत भांडण होतं, पण दुरुस्ती निधीतून कामही होतं.

आता आपल्यापैकी काही जण स्वतःच घरमालक झालेत. फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर देता, त्यात राहणाऱ्याला भाडेकरूचं हे संरक्षण नसतं. म्हणून करार नोंदवा आणि दुरुस्ती कुणाची, ते त्यात स्पष्ट लिहा. त्याने गळती सांगितली, तर "तुमची सोय बघा" एवढं मात्र म्हणू नका.

वडिलांचं पावतीपुस्तक अजून माझ्या कपाटात आहे. एकाही महिन्याचं भाडं थकलेलं नाही.